दोनशे पदार्थ, पाच पातेली

अमरावतीच्या राजापेठेत बसा नाहीतर अकोल्याच्या सिव्हिल लाइन्समध्ये, बऱ्यापैकी हॉटेलात घडतं तेच. पाण्याचे ग्लास येतात, पाठोपाठ रेक्झिनच्या कव्हरचं जाडजूड मेन्यू कार्ड येतं. सूप, स्टार्टर, चायनीज, पंजाबी, तंदूर, साउथ इंडियन, पिझ्झा, सिझलर. मोजायला गेलात तर दीडशे-दोनशे नावं सहज भरतात. टेबलावर आठ माणसं असतात. कार्ड एका हातातून दुसऱ्या हातात फिरतं, कोणीतरी विचारतं, ‘‘बोला बाप्पा, काय मांगवाचं?’’ आणि दहा मिनिटांच्या चर्चेनंतर ठरतं काय? एक पनीर बटर मसाला, एक व्हेज कोल्हापुरी, एक काजू करी, दाल तडका, जीरा राइस.

भाज्या येतात. रंग थोडे वेगळे, चव मात्र ओळखीची. तिसऱ्या घासाला कोणती भाजी कोणती हे बघून सांगावं लागतं, खाऊन नाही.

इथे दोन कोडी आहेत. एका खोलीएवढ्या स्वयंपाकघरात चार-पाच माणसं उभी असतात. दोनशेपैकी कुठलाही पदार्थ ती पंधरा-वीस मिनिटांत टेबलावर कशी आणतात? आणि ज्या हॉटेलला हे जमतं, त्याला साधी गरम ज्वारीची भाकर द्यायची म्हटली की जड का जातं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच्या पोटात आहे.

कांद्यातलं पाणी

घरी रस्साभाजी करायला पाऊण तास लागतो. त्यातला बहुतेक वेळ कांदा खातो. कांद्यात ८५ ते ९० टक्के पाणी असतं. जोवर ते पाणी उडत नाही तोवर कढईतल्या कांद्याचं तापमान १०० अंशांच्या पुढे फारसं जात नाही, कारण सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाणी संपलं की तापमान चढतं आणि मग कांद्यातली साखर व प्रथिनांचे घटक यांच्यात ती क्रिया जोर धरते जिचं वर्णन लुई-कामी मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केलं. तांबूस रंग, खमंग वास, ‘भाजी जमली’ असं वाटायला लावणारी चव, हे सगळं तिथून येतं. तिला घाई चालत नाही. आच वाढवली तर कांदा बाहेरून जळतो आणि आत कच्चा राहतो.

हॉटेलवाला हा वेळ संध्याकाळी तुमच्यावर खर्च करत नाही. तो सकाळीच, तुम्ही ऑफिसात असताना, दहा-पंधरा किलो कांद्यावर एकदम खर्च करतो. दुपारपर्यंत चार-पाच मोठी पातेली तयार होतात. त्यांना ग्रेव्ही म्हणायचं. संध्याकाळी ऑर्डर आली की छोट्या कढईत तेल, थोडं आलं-लसूण, दोन पळ्या ग्रेव्ही, पनीरचे तुकडे, वरून क्रीम किंवा कसुरी मेथी. पाच-सहा मिनिटांत पदार्थ बाहेर. तुम्ही ज्याला स्वयंपाक समजता तो बारा वाजताच उरकलेला असतो. रात्री नऊला होते ती जुळवाजुळव.

कुंभारवाड्यात गणपती घ्यायला गेल्यावर शेकडो मूर्ती दिसतात, पण मागच्या खोलीत साचे असतात दहा. बाकी फरक रंगाचा, फेट्याचा, हातातल्या आयुधाचा. मेन्यू कार्डाचंही तसंच आहे.

आता गणित करून बघू. समजा पाच ग्रेव्ही आहेत. त्यात घालायला पनीर, काजू, मिश्र भाज्या, मशरूम, कोफ्ता, मटार, आलू, चिकन, अंडी असे नऊ मुख्य घटक. झाले पंचेचाळीस पदार्थ. प्रत्येकाचे दोन अवतार, एक रस्सेदार आणि एक सुका, की नव्वद. चायनीजच्या पानावर दोन आधार (नूडल्स आणि भात), चार सॉस आणि चार घटक धरले तर आणखी बत्तीस. त्यात रोटी, नान, कुलचा, पराठा यांची पंधरा नावं, भात-बिर्याणीची वीस, सूप, पापड, रायता. दोनशे भरले. आचाऱ्याला मात्र दोनशे कृती शिकाव्या लागत नाहीत. पातेली पाच आणि सॉसच्या बाटल्या चार, एवढ्यावर त्याचा संसार चालतो.

यात कमीपणा काही नाही. फ्रेंच स्वयंपाकशाळेत हीच युक्ती शास्त्र म्हणून शिकवतात. मोजक्या मूळ सॉसांतून बाकीचे सॉस काढायची पद्धत एकोणिसाव्या शतकात कारेम या फ्रेंच आचाऱ्याने मांडली, आणि एस्कोफिए या दुसऱ्या आचाऱ्याने १९०३ च्या आपल्या ग्रंथात ती पक्की केली. आपल्याकडची लाल मखनी ग्रेव्ही फाळणीनंतरच्या दिल्लीची. पेशावरकडून आलेल्या मंडळींनी दर्यागंजमध्ये सुरू केलेल्या मोती महल हॉटेलशी तिचं नाव जोडलं जातं. बटर चिकन नेमकं कोणाच्या डोक्यातून निघालं यावरून दोन हॉटेलवाले २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेले, इतकी ही ग्रेव्ही मोलाची ठरली आहे.

> चौकट : पातेली ओळखा
>
> लाल (मखनी): टोमॅटो, काजू, लोणी. गोडसर. पनीर बटर मसाला, पनीर माखनवाला यांची आई.
>
> तपकिरी (चॉप मसाला): तांबूस परतलेला कांदा, आलं-लसूण, टोमॅटो. मिक्स व्हेज, मटार पनीर, कढई, हंडी, अंडा करी.
>
> पांढरी: उकडलेला कांदा, काजू, मगज म्हणजे खरबूज-टरबुजाच्या सोललेल्या बिया. काजू करी, मलाई कोफ्ता, शाही नावाचं बहुतेक सगळं.
>
> हिरवी: पालक. पालक पनीर, आणि बऱ्याच ठिकाणी व्हेज हैदराबादीसुद्धा.
>
> काळपट तिखट: भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, गरम मसाला. कोल्हापुरी, सावजी, वऱ्हाडी या नावांनी येणारे पदार्थ. अनेक हॉटेलांत हे पातेलं वेगळं नसतंच. तपकिरी ग्रेव्हीत लाल तिखट आणि काळा मसाला घालून वेळ निभावतात.

भाकर मागे का राहिली

आता दुसरं कोडं. हॉटेलात साधी भाकर न मिळणं हे हॉटेलवाल्याच्या आळसाचं किंवा आपल्या न्यूनगंडाचं लक्षण आहे असं लोक चटकन म्हणतात. थोडं तेही असेल. पण मुख्य कारण पिठात आहे.

गव्हाच्या पिठात पाणी घातलं की ग्लूटेन नावाची प्रथिनांची चिवट जाळी तयार होते. तिच्यामुळे कणीक ताणली जाते, आणि मळून ठेवली तर आणखी मऊ होते. म्हणजे संध्याकाळी सहा वाजता मळा, ओल्या फडक्याखाली गोळे करून ठेवा, दहा वाजेपर्यंत वापरा. तंदूरच्या भिंतीला रोटी चिकटवली की मिनिट-दीड मिनिटात फुगून तयार. एक माणूस तासाला ढीगभर रोट्या काढतो.

ज्वारीत ग्लूटेन नाही. तिचं पीठ एकत्र धरून ठेवायला आधणाचं पाणी लागतं. गरम पाण्याने पिठातला थोडा स्टार्च फुगून चिकट होतो आणि तेवढ्यावर भाकर उभी राहते. हा चिकटपणा तात्पुरता असतो. पीठ थंड झालं की थापताना कडा फाटतात. म्हणून दोन-तीन भाकरींपुरतंच मळायचं, लगेच थापायचं, तव्यावर टाकून पाणी फिरवायचं, मग आरावर फुगवायची. आणि खायची तीही लगेच, कारण गार होता होता स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि भाकर चिवट लागते. जिला चार तास आधी करून ठेवता येत नाही आणि जिला प्रत्येक वेळी सरावलेला हात लागतो अशी वस्तू पाच पातेल्यांच्या स्वयंपाकघरात परकीच राहणार. शिवाय हा सरावलेला हात बहुतेक बायांचा, आणि हॉटेलांच्या भट्टीवर पुरुषच जास्त. ज्या हॉटेलात भाकर चांगली मिळते तिथे आत डोकावून पाहा, तव्यापाशी खास त्यासाठी ठेवलेली एखादी बाई दिसेल.

वऱ्हाडात ज्वारीचा पेराही १९९० नंतर सोयाबीनने गिळला. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं. भाषणं झाली, ज्वारीच्या कुकीज निघाल्या. भाकर आपल्या जागीच राहिली.

रोडग्यांची अडचण वेगळी आहे. कणकेचे एकात एक थर घालून केलेले गोळे, गोवऱ्यांचा आर, वर-खाली राख, मग तुपात बुडवून वांग्याच्या भाजीबरोबर आणि वरणाबरोबर पंगतीत वाढायचे. आर धरायलाच वेळ लागतो आणि एकदा धरला की त्यावर दोघांचे भाजा नाहीतर पन्नास जणांचे, मेहनत जवळजवळ तीच. हा पदार्थ जन्मतःच घाऊक आहे. देवस्थानाच्या आवारात, शेतात, कोणाच्या नवसाला तो शोभतो. ‘एक प्लेट रोडगे’ ही ऑर्डर त्याच्या स्वभावात बसत नाही.

कोण आत गेलं, कोण बाहेर राहिलं

याच नियमाने एक अंदाज बांधता येतो. ज्या वऱ्हाडी पदार्थाचा वेळखाऊ भाग आधी उरकून ठेवता येतो तो मेन्यू कार्डावर चढेल. ज्याचा ठेवता येत नाही तो घरात राहील.

पाटवडी रस्सा बघा. बेसन शिजवून ताटात थापलं, वड्या कापल्या, की त्या दिवसभर टिकतात. रस्सा पातेल्यात तयार. ऑर्डर आली की वड्या वाटीत टाकून वरून कढता रस्सा ओतायचा. शेवभाजीचं तर विचारूच नका. शेव डब्यात कितीही दिवस राहते, रस्सा तोच, तीन मिनिटांचं काम. दोन्ही पदार्थ रस्त्यावरच्या ढाब्यापासून एसी हॉलपर्यंत सगळीकडे पोहोचले. चून म्हणजे पिठलं पटकन होतं म्हणून तेही येतं, पण सोबत भाकर हवी असते आणि गाडी तिथे अडते. सावजी मटणाची गोष्ट उलट्या टोकाची. ते शिजायला तास-दीड तास लागतो, म्हणून त्याचं हॉटेलच वेगळं निघतं. तिथे कार्ड नसतं, भिंतीवर चार ओळी असतात, पातेलं संपलं की शटर खाली.

वडाभात, गोळाभात, सांबारवडी यांचं काय? वडाभाताला भात, वडे आणि वरची तेलाची फोडणी एकाच वेळी गरम लागते. गोळाभातात बेसनाचे गोळे भाताबरोबर वाफेवर शिजतात, ते दुसऱ्यांदा गरम केले की दगड होतात. सांबारवडी तळल्याबरोबर खाल्ली तर स्वर्ग, तासाभराने ओला कागद. तिला हिवाळ्यातला ताजा सांबार म्हणजे कोथिंबीरही लागते. म्हणून ती लग्नात आणि सणात भेटते, कार्डावर क्वचित.

पनीरला मात्र यातलं एकही बंधन नाही. आम्लाने फाडलेल्या दुधातलं केसीन कितीही तापवलं तरी चीजसारखं वितळत नाही. तुकडा अभंग राहतो, कुठल्याही रश्शात बसतो, स्वतःची चव पुढे करत नाही, फ्रीजमध्ये दोन-चार दिवस तग धरतो. हॉटेलच्या दृष्टीने हा आदर्श कर्मचारी! कापूस, तूर, सोयाबीन आणि संत्र्यांच्या मुलखात शाकाहारी पानाचा निम्मा भाग पनीरने का व्यापला याचं हे कारण आहे. एक सावधगिरी इथेच सांगून टाकतो. दुधातला स्निग्धांश काढून त्याजागी वनस्पती तेल घातलेला स्वस्त पर्याय बाजारात आहे. अन्न सुरक्षा कायद्यानुसार त्याला पनीर म्हणून विकता येत नाही. कार्डावर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

लहान शहराचं कार्ड लांब का

मुंबई-पुण्याला जाऊन आलेला माणूस सांगतो की तिथल्या चांगल्या हॉटेलचं कार्ड एका पानाचं असतं. आपल्याकडे सोळा पानं. वैविध्य तर मोठ्या शहरात जास्त हवं, मग कार्ड तिथे लहान कसं?

ॲडम स्मिथने १७७६ मध्ये याचं मूळ सांगून ठेवलं आहे. कामाची वाटणी किती बारीक होणार हे बाजार किती मोठा त्यावर ठरतं. स्कॉटलंडच्या डोंगरातल्या विरळ वस्तीत प्रत्येक शेतकऱ्याला आपल्या घरापुरता खाटीक, पाववाला आणि दारू गाळणाराही व्हावं लागतं, असं उदाहरण त्याने दिलं. शहरात ही तीन दुकानं असतात.

आता हे आपल्या शहरांवर लावू. २०११ च्या जनगणनेत अमरावती महापालिकेची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४७ हजार होती, अकोल्याची ४ लाख २६ हजार, पुण्याची ३१ लाखांवर. समजा, दर हजारात एकाला महिन्यातून एकदा थाई जेवण खावंसं वाटतं. अमरावतीत महिन्याला साडेसहाशे ताटं झाली, अकोल्यात सव्वाचारशे, पुण्यात तीन हजार शंभर. चाळीस खुर्च्यांच्या हॉटेलला भाडं, पगार आणि वीज भागवायला दिवसाला ऐंशी, म्हणजे महिन्याला चोवीसशे ताटं लागतात असं धरा. पुण्यात थाई हॉटेल उभं राहतं. अमरावतीत ते सहा महिन्यांत मोबाइलचं दुकान होतं. आकडे कल्पित आहेत, तर्क खरा आहे. अमेरिकेतल्या शहरांच्या हॉटेलांवर नेथन शिफ या अर्थशास्त्रज्ञाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसलं: शहर जितकं मोठं आणि दाट, तितके जेवणाचे प्रकार जास्त, आणि दुर्मीळ प्रकार त्याच शहरांत सापडतात जिथे सर्रास मिळणारे प्रकार आधीच आलेले असतात.

मग अमरावतीतल्या त्या साडेसहाशे जणांनी काय करायचं? त्यांची सोय होते ती पंजाबी हॉटेलच्या कार्डावर एक पान वाढवून. थाई करी, मेक्सिकन राइस, इटालियन पास्ता. प्रत्येकाला स्वतंत्र दुकान परवडत नाही म्हणून सगळे एका छताखाली दाटीने राहतात. ‘मल्टिक्युझिन’ या भारदस्त पाटीचा अर्थ एवढाच. आणि त्या पास्त्याला टोमॅटोची मखनी ग्रेव्ही का लागते, हे आता वेगळं सांगायला नको.

रस्ता सुधारला की बाजार मोठा होतो, हेही याला जोडून बघण्यासारखं आहे. अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात एका लेनच्या हिशेबाने ७५ किलोमीटरचा डांबरी थर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. विक्रमाचं सोडा. मूर्तिजापूरच्या आसपासच्या ढाब्याला आता दोन्ही शहरांतून रविवारचं गिऱ्हाईक मिळू शकतं, ही गोष्ट मोठी. असं गिऱ्हाईक वाढलं तर चार पदार्थांचं कार्ड परवडणारी हॉटेलं निघतील. सुरुवात रस्त्यावरच होईल, शहरात नाही.

आठ माणसांचं टेबल

तरी एक प्रश्न उरतोच. सगळी हॉटेलं एकमेकांसारखी का? एखाद्याने वेगळं व्हावं की.

वेगळं व्हायला जो धजावतो त्याला आडवं येतं ते कुटुंब. आपल्याकडे हॉटेलात एकटा माणूस कमी जातो, परिवार जास्त जातो. आजोबांना दात नाहीत, आत्याला कांदा-लसूण चालत नाही, मुलांना नूडल्स हव्यात, जावईबापूंना तंदुरी. इथे सर्वांत आवडतं हॉटेल निवडलं जात नाही. ज्याला कोणीच नकार देत नाही ते निवडलं जातं. आठपैकी सात जणांना वेड लावणारं हॉटेल आठव्या माणसापायी बाद होतं. अमरावती-अकोल्याच्या कापूस बाजारामुळे इथे मारवाडी, गुजराती, कच्छी घरं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. जैन पानाशिवाय कार्ड छापणं म्हणजे ती सगळी टेबलं हरवणं.

हॅरॉल्ड हॉटेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये दाखवलं की एका लांब रस्त्यावर दोन दुकानदार असतील तर दोघेही सरकत सरकत मध्यावर येऊन शेजारी-शेजारी बसतात, कारण टोकाला राहणारा अर्ध्याहून अधिक गिऱ्हाईक गमावतो. त्याने हा नियम जागेपुरता ठेवला नाही. सफरचंदाच्या पेयाची गोडीसुद्धा याच कारणाने सगळीकडे सारखी होते, असं त्याने लिहिलं. अमरावतीत राजकमल चौकापासून पंचवटीपर्यंतच्या पनीर बटर मसाल्याची गोडी सारखी का, त्याचं उत्तर त्याच लेखात आहे. आचारीही या हॉटेलातून त्या हॉटेलात जातात आणि आपलं पातेलं सोबत नेतात.

लांब कार्डाने गिऱ्हाईक गोंधळतं का? अमेरिकेतला, २००० साली छापून आलेला जॅमचा प्रयोग प्रसिद्ध आहे. चोवीस प्रकार मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी ३ टक्क्यांनीच बाटली घेतली, सहा मांडले तेव्हा ३० टक्क्यांनी. पुढे २०१० मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब केला तर सरासरी परिणाम शून्याच्या जवळ निघाला. म्हणजे हा काही अटळ नियम नाही. माझ्या मते आपल्याकडे लोक गोंधळतच नाहीत. ते कार्ड चाळतात आणि नेहमीचंच मागवतात. लांब कार्ड निवडण्यासाठी नसतं. आठव्या माणसाला गप्प करण्यासाठी असतं.

गाडीवरचं मोठं शहर

या सगळ्यात अमरावती-अकोल्याला वैविध्य नाही असा निष्कर्ष काढाल तर चूक होईल. ते आहे, पण रेक्झिनच्या कव्हरात नाही.

गिला वडा घ्या. उडदाच्या डाळीचा वडा, दही, चटण्या, आणि खाणारा उभा. ही गाडी एकच पदार्थ विकते आणि त्यावर घर चालवते. कसं परवडतं? प्लेट स्वस्त, जागेचं भाडं नाममात्र, आणि गिऱ्हाईक महिन्यातून एकदा नाही, आठवड्यातून दोनदा येतं. थाई हॉटेलला जो उंबरठा ओलांडता आला नाही तो या गाडीसाठी जमिनीलगत आहे. पुण्या-मुंबईच्या एकपानी हॉटेलची हीच रचना, फक्त चाकांवर. एकच पदार्थ रोज शेकडो वेळा करणाऱ्या हाताला तळणाचं तापमान डोळ्यांनी कळतं. दोनशे पदार्थांच्या आचाऱ्याला ती संधीच मिळत नाही.

शेगावची कचोरी याच वाटेने मोठी झाली. फाळणीनंतर पंजाबकडून आलेल्या शर्मा कुटुंबाने शेगाव रेल्वे स्थानकावर ती विकायला सुरुवात केली. मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या आणि गजानन महाराजांच्या दर्शनाला येणारे भाविक असं दुहेरी गिऱ्हाईक मिळालं. लहान गावाला रेल्वेने मोठ्या शहराचा बाजार दिला आणि एकाच पदार्थावर दुकान उभं राहिलं.

ताजेपणाचा हिशेब

आता गिऱ्हाइकाच्या कामाची गोष्ट. एखादा जिन्नस हॉटेलच्या फ्रीजमध्ये सरासरी किती दिवस राहतो? एकूण साठा भागिले रोजचा खप. दहा किलो पनीर आणलं आणि रोज पाच किलो जातं, तर दोन दिवस. दोन किलो मशरूम आणले आणि रोज पाव किलो जातात, तर आठ दिवस. मशरूमला आठ दिवस फार होतात.

यावरून शिळं कुठे लपतं ते कळतं. पाच पातेल्यांतलं अन्न रोज संपतं, म्हणून नेहमीचे पदार्थ कंटाळवाणे असले तरी बहुधा ताजे असतात. धोका त्या पदार्थात असतो ज्याचा मुख्य जिन्नस कार्डावर एकदा-दोनदाच भेटतो. ब्रोकोली एकाच सूपमध्ये, कोळंबी एकाच स्टार्टरमध्ये. अकोल्याहून मुंबई रेल्वेने साडेपाचशे किलोमीटरहून दूर आहे. पापलेट इथवर येतं ते बर्फातून, आणि मागणाऱ्याची वाट बघत बर्फातच राहतं. मासे खायचेच असतील तर मोर्शीजवळच्या ऊर्ध्व वर्धा धरणासारख्या गोड्या पाण्यातली रोहू-कटला जिथे रोज विकली जाते तिथे खावी.

ग्रेव्हीबाबतही एक गोष्ट लक्षात ठेवा. शिजलेल्या अन्नात जंतू झपाट्याने वाढतात ते साधारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान. सकाळचं मोठं पातेलं तसंच ओट्यावर गार होत राहिलं तर मधला भाग तासन्‌तास याच पट्ट्यात असतो. चांगलं हॉटेल ते उथळ भांड्यांत ओतून लवकर थंड करतं आणि फ्रीजमध्ये टाकतं. हे गिऱ्हाइकाला दिसत नाही, पण आंबूस वास आणि वर आलेला फेस कळतो. तसं ताट परत पाठवताना संकोच करू नका.

हॉटेलवाल्यांना आणि खाणाऱ्यांना

मायकेल कासावाना आणि डोनाल्ड स्मिथ यांनी १९८२ मध्ये मेन्यू तपासायची सोपी रीत दिली. प्रत्येक पदार्थ किती खपतो आणि प्रत्येक प्लेटमागे किती सुटतं, एवढंच मांडायचं. जो खपतही नाही आणि ज्यात सुटतही नाही तो काढायचा. आपल्या शहरांतल्या सोळा पानी कार्डांवर ही कात्री चालवली तर कुटुंबातल्या आठव्या माणसाची सोय ठेवूनही सात-आठ पानं गळतील, असं मला वाटतं.

गळलेल्या जागेत काय घालायचं त्याचं उत्तर पदार्थांच्या स्वभावातच आहे. जे घाऊक आहे ते घाऊकच विकावं. शनिवारपर्यंत फोनवर नावं नोंदवून घ्या, रविवारी दुपारी आर पेटवा, पन्नास ताटांचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण. संपलं की संपलं. भाकर रोज जमत नसेल तर आठवड्यातल्या दोन रात्री ठेवा, पण तव्यापाशी बाई ठेवा आणि तिला तंदूरवाल्याइतका पगार द्या. सांबारवडी हिवाळ्यापुरतीच लिहा. लग्नाच्या कॅटररना अशी आगाऊ नोंदणी जमते, हॉटेलांना न जमायला कारण नाही.

खाणाऱ्याने करायचं तेही थोडंच आहे. वेटरला ‘‘चांगलं काय हाय?’’ असं विचारलं की तो ‘‘सगळंच चांगलं हाय, भाऊ’’ असंच म्हणणार. त्याऐवजी आज सर्वांत जास्त काय गेलं ते विचारा. तीन भाज्या मागवायच्या असतील तर त्या तीन वेगळ्या पातेल्यांतल्या मागवा: एक लाल, एक हिरवी, आणि तिसरी दाल तडका. अकोल्यात कितीतरी डाळ मिल आहेत. कार्डावरचा खऱ्या अर्थाने गावचा म्हणावा असा पदार्थ बहुधा तोच, आणि दरही सर्वांत कमी.